ग्रास यलोचे पाय पाठवताय? आधी कुपीत चिठ्ठी टाका

दापोलीच्या बाजूला गोळा केलेल्या ग्रास यलो फुलपाखरांचे पाय डीएनएवरून जात ओळखायला पाठवण्यासाठी कुप्यांत भरून ठेवलेत, अल्कोहोल किती टक्क्यांचं हवं आणि निकाल डेटाबेसमधल्या नोंदीशी ९९ टक्के जुळला तर नाव पक्कं धरायचं का, असं तुम्ही विचारलंय. ते वाचून माझे तीन हंगाम डोळ्यांसमोर आले. अल्कोहोल ९५ टक्क्यांच्या वरचं घ्या, फॉर्मालिन अजिबात नको. त्यावर जास्त लिहीत नाही.

तुमच्या फोटोत कुप्यांवर मार्करने क्रमांक लिहिलेले दिसतात. मीही तसंच केलं होतं. प्रवासात डबा आडवा झाला, झाकणांतून अल्कोहोल झिरपलं आणि ४२ पैकी ३१ कुप्यांवरची शाई धुऊन गेली. सिक्वेन्स, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचे क्रम, सुंदर आले, पूर्ण ६५८ बेसचे (अक्षरांचे). पण कोणता पाय कोणत्या फुलपाखराचा, हे कोणालाच सांगता येईना. ग्रास यलोमध्ये पावसाळी आणि कोरड्या हंगामातली रूपं इतकी वेगळी असतात, की पंख समोर नसतील तर नुसत्या सिक्वेन्सवरून काही शिकता येत नाही. म्हणून आजच पेन्सिलीने लिहिलेली कागदाची पट्टी कुपीच्या आत टाका. पेन्सिल अल्कोहोलमध्ये पुसत नाही. तोच क्रमांक फुलपाखराच्या टाचणीवरच्या चिठ्ठीवर घाला, सोबत जागा आणि तारीख. पुढच्या वेळी पाय काढण्याआधी पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूचा फोटो घ्या. कॉमन ग्रास यलोला तिथल्या सेलमध्ये (शिरांनी वेढलेल्या मधल्या भागात) दोन ठिपके, थ्री-स्पॉट ग्रास यलोला तीन. हा फोटो नसेल तर माझ्या मते तो पाय पाठवूच नये.

दुसरा त्रास प्रयोगशाळेचा. कोणती ते सांगत नाही. त्यांनी मला नुसती नावांची यादी पाठवली. क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सचे यंत्रातून आलेले मूळ आलेख) चार वेळा मागितले, पैसे पूर्ण भरलेले होते, तरी मिळाले नाहीत. याचा राग अजून गेलेला नाही, कारण संशयास्पद बेस कुठे होते ते मला कधीच तपासता आलं नाही. मूळ फायली मिळतील असं आधीच लेखी घ्या.

आता तुमचे ९९ टक्के. डेटाबेसमधलं नाव शेवटी कुणीतरी ओळखूनच घातलेलं असतं. बोल्ड या डीएनए नोंदींच्या डेटाबेसवर जुळलेली नोंद उघडा, फोटो आणि ठिकाण पाहा. जीनबँक या दुसऱ्या डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाच्या नोंदी मी स्वतः पाहिल्यात. शिवाय याच गटात वोल्बाकिया या कीटकांच्या पेशींत राहणाऱ्या जिवाणूचा घोळ आहे. जपानमध्ये युरेमा हेकाबी आणि युरेमा मँडरीना या वेगळ्या जातींत त्याच्यामुळे मायटोकाँड्रियाची (पेशीतला हा भाग आणि त्याचा वेगळा डीएनए आईकडून येतो) सरमिसळ झालेली आहे. तिथे सीओआय, म्हणजे जात ओळखायला वापरतात ते मायटोकाँड्रियातलं जनुक, एक सांगतो आणि केंद्रकातली जनुकं दुसरं. कोकणात तसंच आहे असं मी म्हणत नाही, पण एका जनुकावर नवी जात जाहीर करू नका. निदान एक केंद्रकातलं जनुक तपासून घ्या.

परवानगीबद्दल मी वकील नाही, त्यामुळे वनखात्याला लेखी विचारा. नमुने परदेशी पाठवणार असाल तर जैवविविधता कायदाही लागू होतो.

आणि टाकळ्यावर अळ्या मिळाल्या तर घरी वाढवा. कोषाच्या रिकाम्या कवचातूनही कधी कधी डीएनए मिळतो, मग पाय तोडायची गरज पडत नाही. तुमच्या मार्करच्या कुप्या अजून वाचता येत असतील तर पट्ट्या आज रात्रीच टाका.