करंगळी बधिर, हातातली ताकद कमी: कोपराचं ऑपरेशन करायचं की थांबायचं?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, आमच्या ह्यांचं वय ५२. वर्षभर डाव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या बाजूच्या बोटाला मुंग्या येतायत, रात्री झोपेतून उठून हात झटकत बसतात. आधी वाटलं मानेचं असेल म्हणून मानेचे व्यायाम केले, काही फरक नाही. आता शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो, किल्ली फिरवताना जोर लागत नाही, आणि हाताच्या मागच्या बाजूने बघितलं तर अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला भाग खपाटीला गेल्यासारखा दिसतो. टेस्टमध्ये कोपरात नस दबलीये असं आलं. एक डॉक्टर म्हणतात नस नुसती मोकळी करू, दुसरे म्हणतात जागेवरून काढून पुढे आणू. हे म्हणतात ऑपरेशन नकोच, गोळ्यांवर भागवू, उगाच हात अजून बिघडला तर? काय करावं?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या खपाटीला गेलेल्या भागाची. मुंग्या आहेत तोवर वेळ असतो, पण स्नायू सुकायला लागला की मी कोणालाच थांबा म्हणत नाही.

कोपराच्या आतल्या बाजूला जे हाड हाताला लागतं त्याच्या मागून अल्नर नावाची नस जाते, कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत करंट बसतो ना, तीच ही. तिथे ती एका अरुंद बोगद्यातून जाते आणि वरून एक पट्टा असतो. कोपर वाकवलं की बोगदा अजून आवळतो आणि नस ताणली पण जाते, म्हणून तर रात्री हात दुमडून झोपलं की त्रास वाढतो. ही नस करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना देते, पण तिचं मोठं काम वेगळंच आहे, तळहातातले बरेचसे छोटे स्नायू तिच्यावर चालतात, बोटं फाकवणं, जवळ आणणं, चिमटीत घट्ट धरणं हे सगळं. बटण आणि किल्ली यांचा त्रास त्यामुळेच.

घरी एक करून बघा. त्यांना अंगठा आणि पहिल्या बोटाची बाजू यांच्यामध्ये कागद धरायला सांगा आणि तुम्ही ओढा. कागद टिकवायला अंगठ्याचं टोक वाकवावं लागत असेल तर स्नायू कमजोर झालाय असं समजा. अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजूच बधिर असेल, दुसरी अर्धी चांगली असेल, तर हे मानेपेक्षा याच नसेकडे बोट दाखवतं. आणि तळहाताच्या मागची करंगळीकडची बाजू पण बधिर असेल तर दाब मनगटात असण्यापेक्षा त्याच्या वर, बहुतेक कोपरात आहे.

आता गोळ्यांचं. गोळ्यांनी झिणझिण्या कमी वाटतील पण नसेवरचा दाब हलणार नाही. दाबातून सुटल्यावर खराब झालेले नसेचे धागे दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, म्हणजे महिन्याला ३ सेंटिमीटरच्या आसपास, आणि कोपरापासून अंगठ्याजवळच्या त्या स्नायूपर्यंत अंतर किती आहे बघा, सहज वर्षभराचा हिशोब झाला. तिकडे स्नायू नसेविना वर्ष-दीड वर्ष राहिला तर नंतर धागे पोचले तरी तो नीट कामाला लागत नाही. म्हणून आज थांबलेला प्रत्येक महिना शेवटी त्या चिमटीतून वजा होतो. त्यांना हे असंच सांगा, माझं नाव सांगून सांगा.

कुठलं ऑपरेशन, यावर दोन डॉक्टरांचं मत वेगळं असलं तरी कोणी चुकीचं सांगतंय असं नाही. पहिल्यात वरचा पट्टा आणि आजूबाजूचे घट्ट पडदे कापून नस आहे तिथेच मोकळी करतात. दुसऱ्यात नस हाडाच्या मागून काढून पुढच्या बाजूला, कातडीखाली किंवा स्नायूखाली ठेवतात, म्हणजे कोपर वाकवलं तरी ती ताणली जात नाही. दोन्हींची तुलना केलेल्या अभ्यासांमध्ये साध्या पेशंटना फायदा जवळपास सारखाच दिसलाय आणि नस हलवण्यात जखमेचे त्रास थोडे जास्त. त्यामुळे कोपरात दुसरं काही नसेल तर मी साध्या मोकळं करण्याच्या बाजूने आहे. पण कोपर वाकवताना नस टक्कन हाडावरून उडी मारत असेल, जुन्या फ्रॅक्चरमुळे कोपर तिरकं झालं असेल किंवा आधी एकदा ऑपरेशन होऊन फसलं असेल तर पुढे आणणंच बरं. दुसऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा, यातलं काय दिसलं म्हणून तुम्ही नस हलवायची म्हणताय?

हात बिघडण्याची भीती मी झटकून टाकणार नाही. इन्फेक्शन, रक्त साकळणं, व्रणाजवळ बधिरपणा किंवा हात लावला तरी झोंबणं हे होऊ शकतं, क्वचित नसेला इजा पण होते. पण न करण्याचा धोका त्यांच्या बाबतीत आत्ता चालूच आहे, तो डोळ्यांना दिसतोय.

नंतर बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात, टाके १० ते १४ दिवसांनी. साध्या ऑपरेशननंतर कोपर लगेच हळूहळू हलवायचं, नस स्नायूखाली ठेवली असेल तर मात्र काही आठवडे स्प्लिंट, म्हणजे कोपर हलू न देणारा आधार. सुधारणेचा क्रम असा की रात्रीच्या मुंग्या आधी जातात, कायमचा बधिरपणा सावकाश, ताकद सगळ्यात शेवटी, आणि सुकलेला भाग पूर्ण भरून येईलच असं मी वचन देऊ शकत नाही. डायबेटिस असेल तर शुगर आणा ताब्यात, सिगारेट असेल तर बंद.

प्रश्न: सर, मी २४ वर्षांचा आहे, फोन कानाला लावून जास्त वेळ बोललो की करंगळीला मुंग्या येतात, हात सरळ केला की जातात. ताकद नॉर्मल आहे. ऑपरेशन लागेल का?

उत्तर: आत्ता तरी नाही. फोनला हेडफोन लाव, कोपर टेबलावर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवून बसणं बंद कर, आणि रात्री कोपराभोवती मऊ टॉवेल गुंडाळून वर सैल पट्टी बांध म्हणजे झोपेत हात पूर्ण दुमडणार नाही. हे निदान ६ आठवडे मनापासून करायचं, चार दिवस करून सोडायचं नाही. मुंग्या दिवसभर राहायला लागल्या किंवा हातातून वस्तू सुटायला लागल्या तर नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेतून करंट किती नीट जातो ते मोजणारी तपासणी, करून घे.

प्रश्न: कोपराचं ऑपरेशन होऊन महिना झाला, करंगळी अजून बधिर आहे आणि व्रणाच्या बाजूला कपडा लागला तरी झोंबतं. ऑपरेशन फसलं का?

उत्तर: महिन्याभरात असं म्हणता येत नाही. व्रणाच्या जवळून कातडीला संवेदना देणारी एक बारीक नस जाते, ती दुखावली किंवा व्रणात अडकली की असं झोंबतं. जखम पूर्ण भरली असेल तर दिवसातून काही वेळा हलका मसाज, मग मऊ कापड, मग थोडं खरखरीत कापड घासत जा, कातडीला सवय होते. कोपर जपून जपून आखडू देऊ नका. पण सूज-लाली वाढतेय, पू येतोय, ताप आलाय, किंवा बोटांची ताकद ऑपरेशनच्या आधीपेक्षा कमी झालीये, असं यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनना आजच दाखवा.