पंचविशी कोणाची, ते आधी ठरव

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझा फोन आला तेव्हा खरंच डोळे भरून आले. अभ्यासिकेला पंचवीस वर्षं होतायत, हे तिथल्याच सतरंजीवर पाढे पाठ केलेल्या मुलीने मला सांगावं, आणखी काय हवं? तू पाठवलेला आराखडा मी दोनदा वाचला. सोलापूरचं हुतात्मा स्मृती मंदिर सभागृह, तीन प्रमुख पाहुणे, स्मरणिका, गाण्यांचा कार्यक्रम, जेवण. तुझी धडपड कळते. पण बिडी वळणाऱ्या आपल्या बाया, अभ्यासिकेतल्या मुलांच्या आया, कुठे बसणार, ते त्या कागदावर मला सापडलं नाही.

दहाव्या वर्धापनदिनाला आम्ही नेमकं हेच केलं होतं. कार्यक्रम पाचचा होता आणि पाहुणे पोचले साडेसातला. बाया मात्र पाचलाच हजर होत्या. सकाळी कारखान्यात माल देऊन, छाट म्हणून नाकारलेल्या बिड्यांवरून बोलणी खाऊन, पोरांना नवे कपडे घालून आलेल्या. घरी बिडीची पानं भिजत घातलेली, दुसऱ्या दिवशीची हजार बिडी डोक्यावर. सात वाजले तशी एकेक उठायला लागली. सत्कार, भाषणं उरकून मुलींचा नाच लागला, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढच्या रांगेतली एक मुलगी नाचताना सारखी दाराकडे बघत होती, आई परत येईल म्हणून. मला ती मान वळलेली अजून दिसते. पाहुण्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यासाठी थांबायचं आम्ही ठरवलं होतं.

म्हणून सांगते, वेळ झाली की पडदा उघड. आधी मुलांचं सगळं होऊ दे. पाहुणा एकच बोलव, बोलायला दहा मिनिटं दे, आणि उशिरा आला तर मधेच मंचावर बसव. सत्काराला शाली आणू नकोस. आपल्याच मुलांचे वडील यंत्रमागावर उभे राहतात, त्यांच्या कारखान्यातून सोलापुरी चादरी घे.

तारखेचा हट्ट सोड. स्थापना जूनमधली, हे मला माहीत आहे, पण जूनमध्ये वह्या-पुस्तकं, गणवेश यांत आयांच्या हातात पैसा उरत नाही. श्रावणात नारळी पौर्णिमेला शहराचा पूर्व भाग, आपली तेलुगू वस्ती, मार्कंडेय महामुनींच्या रथामागे असतो, नवरात्रात संध्याकाळी बायका फुलांच्या बतुकम्माभोवती फेर धरतात. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघाले की गड्ड्याच्या जत्रेशिवाय कोणाला काही सुचत नाही. मला डिसेंबरचा पहिला पंधरवडा बरा वाटतो. वार ठरवताना कारखान्याची सुट्टी बघ. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना सुचणारच नाही, ती म्हणजे नळाची पाळी. काही दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी कुठलीही बाई घर सोडत नाही. गल्ल्या-गल्ल्यांतल्या पाळ्या लिहून काढ, मगच तारीख छाप.

सभागृह घेऊ नकोस. शाळेचं पटांगण माग. तिथे चप्पल कुठे काढायची असा प्रश्न कोणाला पडत नाही, आणि लहान मूल रडलं म्हणून आईला बाहेर जावं लागत नाही. स्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून वेळेत घे, दहाच्या आत बंद कर.

आता सगळ्यात कष्टाचं काम. आपली निम्मी माणसं आता पूर्व भागात राहिलीच नाहीत. २००६ साली शहराबाहेर कुंभारीला बिडी कामगार बायांच्या गोदूताई परुळेकर घरकुलात दहा हजार घरं झाली, तेव्हा कितीतरी कुटुंबं तिकडे गेली. २०२४ मध्ये तिथल्याच रे नगर वसाहतीतल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या मिळाल्या, तशी आणखी गेली. व्हॉट्सॲपवर पत्रिका टाकून ती येणार नाहीत. तू स्वतः जा, दारात बस, चहा घे. पत्रिका मराठीत आणि तेलुगूत काढ. निवेदनही दोन्ही भाषांत होऊ दे. आज्या-आत्यांना आपल्या भाषेत नाव घेतलेलं ऐकू आलं की त्या शेवटपर्यंत बसतात. परतीच्या गाडीची सोय आधी कर, जेवणाचं नंतर बघ. जेवण साधं ठेव, कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी, भात पुरे.

पैशाचं थोडक्यात. सोहळ्याचं खातं वहीत वेगळं ठेव. मुलांच्या फीसाठी आलेल्या निधीतला रुपयाही मंडपाला जाता कामा नये, परत भरू म्हणूनसुद्धा नाही. प्रत्येकाला पावती दे. २,००० रुपयांवरची देणगी रोख घेऊ नकोस, तिच्यावर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळत नाही आणि मग तो आपल्यावर रुसतो. लेखापरीक्षणात आणि धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या हिशेबात हा खर्च नावासकट दिसला पाहिजे. स्मरणिकेच्या जाहिराती मागत दोन महिने फिरू नकोस, तेवढ्या वेळात कुंभारीतली शंभर घरं फिरून होतील.

स्मरणिकेऐवजी एक वेगळंच मनात आहे. पहिल्या वर्षाचा हजेरीपट माझ्याकडे आहे. निळ्या शाईतली एकतीस नावं. पानांना तंबाखूचा वास अजून येतो, कारण मुलं घरून हात न धुता यायची आणि बोटाने स्वतःचं नाव शोधायची. शेऱ्याच्या रकान्यात मीच लिहिलंय, ‘पानं कापायला बसते’, ‘धाकट्याला सांभाळते’. अकरा मुलं त्या वर्षीच यायची बंद झाली, त्यांच्या नावांवर रेघ ओढली होती. ती पानं मोठी करून भिंतीवर लाव. माणसं आपलं नाव शोधायला येतील. ज्यांच्यावर रेघ आहे त्यांना तर तू आधी जाऊन भेट. मला त्यांच्याकडे जायचं राहिलं, बाळ, आणि ते मला बोचतं.

रविवारी दुपारी घरी ये. पट काढून ठेवते. येताना आईला घेऊन ये, सतराव्या ओळीवर तिच्या धाकट्या बहिणीचं नाव आहे, रेघेखालचं. तिचा पत्ता आईकडेच असेल.

तुझी,
बाई