हायबरी : आर्सेनलच्या जुन्या मैदानाविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधील आर्सेनल या फुटबॉल क्लबने १९१३ ते २००६ अशी ९३ वर्षे ज्या मैदानावर घरचे सामने खेळले, त्या हायबरीविषयी आलेल्या पत्रांतील चार प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचा संघ म्हटला की त्याची तालीम आणि त्याची पेठ ओघाने आलीच. आर्सेनलचा जन्म वूलिच येथील शस्त्रास्त्र कारखान्यात झाला असे वाचनात आले. वूलिच तर थेम्स नदीच्या दक्षिणेला आहे. मग हा क्लब आपली पेठ सोडून उत्तर लंडनमध्ये, दुसऱ्या क्लबच्या उंबरठ्यावर, का गेला?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रेक्षक मिळत नव्हते, म्हणून गेला. वूलिचच्या सरकारी कारखान्यातील कामगारांनी १८८६ मध्ये या क्लबची स्थापना केली, आणि १८९३ मध्ये फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळवणारा तो दक्षिण इंग्लंडमधील पहिला क्लब ठरला. परंतु प्लमस्टेड येथील त्याचे मॅनर ग्राउंड लंडनच्या मध्यवस्तीपासून दूर होते, तेथे पोहोचायला वेळ लागे, आणि शहरात दुसरे क्लब उदयाला येताच तेथील गर्दी ओसरू लागली. १९१० मध्ये क्लब आर्थिकदृष्ट्या कोलमडण्याच्या बेतात असताना हेन्री नॉरिस या बांधकाम व्यावसायिकाने तो ताब्यात घेतला. नॉरिस यांचा फुलहॅम क्लबशीही संबंध होता. दोन्ही क्लबांचे एकत्रीकरण करण्याचा त्यांचा प्रस्ताव लीगने फेटाळला, आणि १९१२-१३ च्या हंगामात ३८ पैकी केवळ ३ सामने जिंकून वूलिच आर्सेनल पहिल्या श्रेणीत तळाला गेला.

त्यानंतर नॉरिस यांनी नवी जागा शोधली, ती धर्मशास्त्राचे शिक्षण देणाऱ्या सेंट जॉन्स महाविद्यालयाच्या क्रीडांगणाची. २१ वर्षांचा भाडेपट्टा २०,००० पौंडांना ठरला, आणि त्या दस्तावर कँटरबरीच्या आर्चबिशपांची स्वाक्षरी झाली. जागा चर्चशी संबंधित असल्यामुळे गुड फ्रायडे आणि नाताळ या दिवशी तेथे सामना खेळायचा नाही, अशी अट घालण्यात आली. १९२५ मध्ये क्लबने ६४,००० पौंड मोजून जागा विकत घेतली, तेव्हाच ती उठली. टॉटनहॅम आणि क्लॅप्टन ओरिएंट या शेजारी क्लबांनी या स्थलांतराला कडाडून विरोध केला. इझलिंग्टनमधील रहिवाशांनाही दर शनिवारी दारात जमणारी हजारोंची गर्दी नको होती. नॉरिस यांचा हिशेब मात्र सरळ होता : १९०६ मध्ये सुरू झालेले गिलेस्पी रोड हे भुयारी रेल्वेचे स्थानक मैदानापासून हाकेच्या अंतरावर होते, आणि लंडनच्या मध्यभागातून माणूस काही मिनिटांत तेथे उतरू शकत होता. हायबरीच्या पुढच्या सगळ्या इतिहासात हे स्थानक आणि मैदानाला वेढून असलेली दाट वस्ती या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे येतात, त्यामुळे त्या ध्यानात ठेवाव्यात.

पहिला सामना ६ सप्टेंबर १९१३ रोजी लेस्टर फॉसविरुद्ध झाला आणि आर्सेनलने तो २-१ असा जिंकला. आर्चिबाल्ड लीच यांनी आराखडा केलेला पूर्वेकडील स्टँड त्या दिवशी पुरता बांधून झालेला नव्हता. सोयींची इतकी वानवा होती की आर्सेनलसाठी या मैदानावरचा पहिला गोल करणारा जॉर्ज जॉबी जखमी झाला, तेव्हा त्याला एका दूधवाल्याची हातगाडी मागून घेऊन तिच्यावरून हलवावे लागले. पुढच्याच वर्षी क्लबने नावातून ‘वूलिच’ काढून टाकले. आपल्या पेठेचा अभिमान बाळगणाऱ्या कोल्हापूरकराला हे रुचणार नाही, आणि वूलिचच्या मूळ चाहत्यांवर अन्याय झाला हेही मान्य करावे लागेल. मात्र प्लमस्टेडमध्येच राहिला असता तर हा क्लब टिकला असता असे म्हणायला फारसा आधार सापडत नाही.

प्रश्न : मी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे. फुटबॉलच्या एखाद्या स्टँडला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळावा, असे हायबरीमध्ये नेमके काय होते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण ज्या स्टँडविषयी विचारत आहात तो १९३६ चा, आणि त्याच्या पाठीमागे हर्बर्ट चॅपमन यांची दृष्टी होती. चॅपमन १९२५ मध्ये व्यवस्थापक म्हणून आले. त्या काळी मैदान म्हणजे चिखल, पत्रा आणि उभे राहायला पायऱ्या, एवढीच सर्वसाधारण कल्पना होती. पैसे मोजून येणाऱ्या माणसाला सन्मानाने वागवले पाहिजे आणि क्लबची इमारत पाहताच त्याचा दर्जा कळला पाहिजे, ही चॅपमन यांची भूमिका त्या वेळी नवी होती.

वास्तुविशारद क्लॉड वॉटरलो फेरियर यांनी योजलेल्या पश्चिम स्टँडचे उद्घाटन डिसेंबर १९३२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते झाले. फेरियर १९३५ मध्ये वारले, आणि त्यांचे सहकारी विल्यम बिनी यांनी १९३६ चा हा नवा पूर्व स्टँड पूर्ण केला. त्यावर १,३०,००० पौंड खर्च झाले. दोन्ही स्टँड आर्ट डेको शैलीतले आहेत. आपण मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या इमारती पाहिल्या असतील, तर या शैलीचा ठसा आपल्याला लगेच ओळखता येईल; त्याही साधारण त्याच दशकातल्या. एव्हनेल रोडच्या बाजूने पूर्व स्टँड पाहिला की पांढरी उंच दर्शनी भिंत, तिच्यावरील क्लबची चिन्हे आणि ठसठशीत अक्षरांतले नाव दिसते, आणि हे फुटबॉलचे मैदान आहे असे पटायला थोडा वेळ लागतो. आत गेल्यावर संगमरवरी दालन लागते. तेथे जेकब एपस्टीन यांनी घडवलेला चॅपमन यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. चॅपमन जानेवारी १९३४ मध्येच न्यूमोनियाने वारले होते, त्यामुळे पूर्व स्टँड त्यांना पाहायला मिळाला नाही.

या मैदानाची गोष्ट केवळ इमारतींपुरती नाही, म्हणून थोडे अधिक लिहितो. सामन्यात किती मिनिटे उरली हे प्रेक्षकांना कळावे म्हणून चॅपमन यांनी ४५ मिनिटांचे मोठे घड्याळ लावले. त्यामुळे पंचांच्या अधिकाराला बाधा येते, असा आक्षेप फुटबॉल असोसिएशनने घेतला, आणि क्लबला ते बदलून साधे बारा तासांचे घड्याळ करावे लागले. उत्तरेकडच्या पायऱ्यांवर छप्पर आल्यावर हे घड्याळ १९३५ मध्ये दक्षिणेकडे हलवले गेले आणि ती बाजू ‘क्लॉक एंड’ या नावाने ओळखली जाऊ लागली. गिलेस्पी रोड स्थानकाचे नाव बदलून ‘आर्सेनल’ करण्यासाठीही चॅपमन रेल्वे अधिकाऱ्यांच्या मागे लागले. नाव बदलायचे तर तिकिटे, नकाशे आणि फलक सगळेच बदलावे लागणार होते. तरीही १९३२ मध्ये ते बदलले. एका क्लबचे नाव लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावर कायमचे उमटले, यापेक्षा प्रभावी जाहिरात मला तरी सुचत नाही.

मैदान मध्यवर्ती असल्याचा आणखी एक परिणाम झाला. बीबीसीने लीग सामन्याचे पहिले थेट समालोचन २२ जानेवारी १९२७ रोजी हायबरीवरूनच प्रसारित केले. सामना होता आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड. चेंडू कुठे आहे हे घरी बसलेल्या श्रोत्याला कळावे म्हणून मैदानाचे क्रमांक दिलेल्या चौकोनांत भाग पाडून तो आराखडा आधीच नियतकालिकात छापण्यात आला होता. फुटबॉलचे पहिले थेट दूरचित्रण १९३७ मध्ये झाले, तेही येथेच, आर्सेनल आणि त्याचाच राखीव संघ यांच्यातल्या सामन्याचे. मधल्या काळात, ९ मार्च १९३५ रोजी, संडरलँडविरुद्धच्या गोलशून्य सामन्याला ७३,२९५ प्रेक्षक आले आणि हायबरीवरच्या गर्दीचा तो उच्चांक अखेरपर्यंत मोडला नाही.

महायुद्धाच्या काळात मैदान हवाई हल्ल्यांपासून बचावाच्या कामासाठी ताब्यात घेतले गेले आणि उत्तरेकडचे छप्पर बाँबहल्ल्यात नष्ट झाले. तेवढी वर्षे आर्सेनलने घरचे सामने टॉटनहॅमच्या मैदानावर खेळले. १९१३ मध्ये ज्यांनी विरोध केला, त्यांनीच अडचणीच्या वेळी जागा दिली, याची नोंद घ्यायलाच हवी.

प्रश्न : एवढे देखणे आणि यश पाहिलेले मैदान क्लबने का सोडले? केवळ पैशासाठी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पैशाचे कारण होते, ते नाकारण्यात अर्थ नाही, परंतु त्या कारणापर्यंत क्लब कसा पोहोचला, हे समजून घेतले पाहिजे.

१९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, उभ्याने सामना पाहण्याच्या कुंपणबंद भागात चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलच्या ९७ समर्थकांचा बळी गेला. त्यानंतर आलेल्या टेलर अहवालामुळे वरच्या श्रेणींतील क्लबांना मैदानातील प्रत्येक प्रेक्षकासाठी खुर्ची ठेवणे बंधनकारक झाले. हायबरीवर ‘नॉर्थ बँक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उत्तरेकडच्या पायऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाहते खांद्याला खांदा लावून उभे राहत. मे १९९२ मध्ये साउदॅम्प्टनविरुद्धचा सामना त्या पायऱ्यांवरून शेवटचा पाहिला गेला, आणि पुढच्या वर्षी तेथे आसनांचा नवा स्टँड उभा राहिला. काम चालू असताना बांधकाम झाकण्यासाठी गर्दीचे भलेमोठे चित्र लावले होते. मूळ चित्रात एकही कृष्णवर्णीय चेहरा नाही हे ध्यानात आल्यावर टीका झाली आणि ते दुरुस्त करण्यात आले. ज्या संघाचा लाडका आघाडीवीर इयन राइट होता, त्या संघाच्या प्रेक्षकांच्या चित्रात अशी चूक व्हावी, हे आज वाचतानाही खटकते.

खुर्च्या बसवल्यावर क्षमता ३८,००० च्या आसपास आली. मैदान वाढवायचे तर कोणत्या दिशेने? पूर्वेला एव्हनेल रोड, पश्चिमेला आणि दोन्ही टोकांना घरे. त्यातच १९९७ मध्ये पूर्व स्टँड संरक्षित वास्तूंच्या यादीत गेला, म्हणजे तो पाडता येत नव्हता, आणि उरलेल्या बाजू उंच करण्याला शेजाऱ्यांचा विरोध होता. नॉरिस यांनी जी वस्ती पाहून जागा निवडली, त्याच वस्तीने ऐंशी वर्षांनी मैदानाची वाढ रोखली. रहिवाशांची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण त्यांच्या खिडक्यांवर पडणारा उजेड हा त्यांच्या दृष्टीने किरकोळ प्रश्न नव्हता.

चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत युरोपीय संघटनेच्या जाहिरात फलकांना जागा सोडताना क्षमता आणखी घटत असल्यामुळे क्लबने १९९८ आणि १९९९ मध्ये त्या स्पर्धेतील घरचे सामने वेम्बलीवर खेळवले. नोव्हेंबर १९९८ मध्ये लांस या फ्रेंच क्लबविरुद्ध तेथे ७३,७०७ प्रेक्षक आले. हायबरीवर बसू शकणाऱ्या लोकांच्या ही संख्या जवळजवळ दुप्पट होती, आणि मागणी किती आहे याविषयी त्यानंतर कोणाच्याही मनात शंका उरली नसावी. १९९९ मध्ये जवळच्याच ॲशबर्टन ग्रोव्ह येथील कचरा हाताळणी केंद्र आणि औद्योगिक जागेची निवड जाहीर झाली. तेथे सुमारे ३९ कोटी पौंड खर्चून साठ हजारांहून अधिक आसनांचे एमिरेट्स स्टेडियम उभे राहिले आणि २००६ मध्ये खुले झाले. ते जुन्या मैदानापासून चालत काही मिनिटांवर आहे. १९१३ मध्ये वूलिचच्या लोकांना जे सोसावे लागले, ते या वेळी कोणाच्या वाट्याला आले नाही, आणि म्हणून हे दुसरे स्थलांतर मला पहिल्यापेक्षा पुष्कळ न्याय्य वाटते.

शेवटच्या दिवसांविषयी दोन शब्द. २००३-०४ मध्ये आर्सेनलने लीगचा संपूर्ण हंगाम एकही पराभव न पत्करता पूर्ण केला. त्यातला अखेरचा सामना हायबरीवर लेस्टर सिटीविरुद्ध होता आणि निकाल होता २-१, म्हणजे १९१३ च्या पहिल्या सामन्याचाच प्रतिस्पर्धी आणि तोच निकाल. पूर्वीचा लेस्टर फॉस हाच आजचा लेस्टर सिटी आहे. २००५-०६ च्या निरोपाच्या हंगामात संघाने नेहमीचा लाल-पांढरा पोशाख बाजूला ठेवून, १९१३ च्या पोशाखाची आठवण म्हणून गडद तांबडा रंग घातला. ७ मे २००६ रोजी विगन ॲथलेटिकविरुद्ध ४-२ असा विजय मिळाला. थिएरी आँरीने तीन गोल केले, आणि पेनल्टीवरचा तिसरा गोल झाल्यावर त्याने गुडघे टेकून गवताचे चुंबन घेतले. त्याच दिवशी टॉटनहॅम वेस्ट हॅमकडून हरले, आणि चॅम्पियन्स लीगच्या पुढच्या हंगामाचा दरवाजा उघडणारे चौथे स्थान आर्सेनलला मिळाले.

प्रश्न : नोकरीनिमित्त लंडनजवळ राहते. मुलाला जुने हायबरी दाखवावे अशी इच्छा आहे. आज तेथे पाहण्यासारखे काही उरले आहे का?
— एक वाचक, हॅरो

उत्तर : पुष्कळ उरले आहे, आणि अवश्य जावे. मँचेस्टर सिटीचे मेन रोड किंवा वेस्ट हॅमचे अप्टन पार्क पूर्णपणे पाडले गेले. त्या मानाने हायबरीचे नशीब चांगले. येथे ‘हायबरी स्क्वेअर’ हे निवासी संकुल झाले असून क्लबचे तेव्हाचे व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांच्या हस्ते २००९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पूर्व स्टँड आणि पश्चिम स्टँडची दर्शनी बाजू राखून त्यांच्यामागे सदनिका बांधल्या आहेत, उत्तर व दक्षिण स्टँड गेले, आणि जेथे खेळ होत असे तेथे रहिवाशांची बाग आहे. ही बाग खासगी आहे, म्हणून आत जाण्याचा हट्ट करू नये. बाहेरूनच एव्हनेल रोडवरची भिंत निवांत पाहावी, आणि हायबरी हिलवर घरांच्या रांगेत दाटीने बसलेले पश्चिमेचे प्रवेशद्वारही चुकवू नये. क्लबला मैदान का वाढवता आले नाही, हे त्या जागी उभे राहिले की मुलालाही चटकन कळेल.

पिकॅडिली मार्गाने जाऊन आर्सेनल स्थानकावरच उतरावे. फलाटाच्या भिंतीवर ‘गिलेस्पी रोड’ हे जुने नाव फरशांमध्ये घडवलेले आजही दिसते, ते शोधण्याचे काम मुलावर सोपवावे. क्लॉक एंडचे मूळ घड्याळ मात्र जुन्या जागी शोधू नये. ते क्लबबरोबर एमिरेट्सला गेले आणि तेथे स्टेडियमच्या बाहेरच्या बाजूला लावलेले आहे.