जर्मनीत हॅनोव्हर मेस्सेला (एप्रिलमधल्या औद्योगिक प्रदर्शनाला) जातोय, अर्धा दिवस मोकळा आहे. हेरेनहाउझेनची बाग बघावी का? महाल तर नवीनच बांधलाय म्हणतात.

बघाच. महाल नवीन आहे हे खरंय, मूळचा 1943 च्या बॉम्बिंगमध्ये गेला आणि आत्ताचा 2013 साली उघडला, आत म्युझियम आणि कॉन्फरन्स सेंटर आहे. पण इथे महालाला नाही, बागेला महत्त्व आहे, आणि ग्रोसर गार्टनचा, म्हणजे इथल्या मोठ्या बागेचा, आराखडा तीनशे वर्षांपूर्वीचाच आहे.

मला या बागेचा इतिहास फार आवडतो म्हणून थोडं सांगतोच. हॅनोव्हरच्या ड्यूकची बायको, 1692 मध्ये इलेक्ट्रेस (सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या संस्थानिकाची पत्नी) झालेली सोफी, तिने 1696 पासून मार्टिन शार्बोनिए नावाच्या फ्रेंच माळ्याकडून ती वाढवून घेतली. साधारण 50 हेक्टर, तीन बाजूंनी पाण्याचा कालवा आणि आत सगळं सरळ रेषेत, कोनात कापलेलं. जून 1714 मध्ये याच बागेत फिरताना पाऊस आला, आडोशाला जाता जाता सोफी कोसळली आणि गेली, वय 83. ब्रिटनच्या गादीची वारस तीच होती, दोन महिन्यांच्या आत तिकडे राणी अ‍ॅन वारली आणि सोफीचा मुलगा जॉर्ज ब्रिटनचा राजा झाला. दरबारच लंडनला गेला. पुढे युरोपभर इंग्लिश पद्धतीच्या, नैसर्गिक वाटणाऱ्या बागांची फॅशन आली आणि कितीतरी जुन्या बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या, काटेकोर आखणीच्या) बागा उकरून टाकल्या गेल्या, पण इथे हौसेने बदल करायला मालकच जागेवर नव्हते, त्यामुळे हिची मूळ आखणी वाचली.

तत्त्वज्ञ लाइबनिट्स या दरबारात होता आणि सोफीशी त्याच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या. त्याचं म्हणणं असं की जगात दोन गोष्टी तंतोतंत सारख्या असूच शकत नाहीत. एक सरदार म्हणाला, मी दोन सारखी पानं शोधून दाखवतो. सोफी म्हणाली, शोधा बघू. तो बिचारा बागभर बराच वेळ फिरला आणि हात हलवत परत आला. हा किस्सा लाइबनिट्सने स्वतः पत्रात लिहून ठेवलाय. तुम्ही एप्रिलमध्ये जाताय, म्हणजे कोवळी पालवी असेल, झाडाखाली उभे राहून दोन पानं शेजारी धरून बघा, शिरा, कडेचे दाते, काहीतरी वेगळं निघतंच.

आत गेल्यावर आधी कॅस्केडच्या, म्हणजे धबधब्यासारखं पाणी उतरणाऱ्या बांधकामाच्या, वर चढा, तिथून खालची सगळी नक्षी एका नजरेत कळते, खाली उभं राहून ती कळत नाही, नुसत्या कुंपणासारख्या दिसणाऱ्या बॉक्सवुडच्या ओळी वाटतात. जवळच ग्रोटो, म्हणजे कृत्रिम गुहा, आहे, त्याच्या खोल्या निकी द सँ फाल या कलाकाराने काच, आरसे आणि गोट्यांनी मढवल्यात, ते 2003 साली उघडलं. काही लोकांना बरोक बागेत हे विजोड वाटतं, मला नाही वाटत. हेज थिएटर चुकवू नका, झाडांच्या भिंतींचं रंगमंच आणि मधे सोनेरी पुतळे, अजून तिथे नाटकं होतात.

मोठं कारंजं पार मागच्या भागात आहे. 1720 च्या सुमारास ते 35 मीटरच्या आसपास उडायचं आणि त्या काळात त्याचं केवढं कौतुक होतं, आता 70 मीटरच्या वर जातं. पण दिवसभर चालू नसतं, वेळा ठरलेल्या असतात आणि जोराचा वारा असला की बंद ठेवतात, त्यामुळे निघायच्या आधी त्या दिवशीच्या वेळा वेबसाइटवर बघा आणि बाकी फिरणं त्यानुसार आखा.

शहराच्या मध्यावरच्या क्रॉपके स्टेशनहून 4 किंवा 5 नंबरची ट्राम, स्टॉपचं नाव हेरेनहॉयझर गेर्टन. वेळ उरला तर रस्त्यापलीकडचा बेर्गगार्टन (वनस्पती उद्यान) बघा, ऑर्किडं खूप छान आहेत. वेळ कमीच असेल तर मात्र तो सोडा आणि मोठ्या बागेतच सावकाश फिरा. जाकीट न्या, एप्रिलमध्ये तिथे चांगलीच थंडी असते.