वाचकांचे प्रश्न : रॉबिन हूड कायद्याबाहेर कसा गेला?

प्रश्न : रिडली स्कॉट यांच्या २०१० च्या ‘रॉबिन हूड’मध्ये शेवटी राजा जॉन रॉबिनला ‘आउटलॉ’ जाहीर करतो. राजाला असं एका फटक्यात करता येत असे का?

उत्तर : रीत तशी नव्हती. आउटलॉ म्हणजे नुसता दरोडेखोर नव्हे, तर कायद्याचं संरक्षण काढून घेतलेला माणूस. आरोपी सुनावणीला आला नाही की परगण्याच्या न्यायसभेत त्याच्या नावाचा पुकारा होई. ही सभा साधारण चार आठवड्यांनी भरे. लागोपाठच्या सभांत पुकारूनही तो आला नाही, तरच त्याला कायद्याबाहेर काढत. त्यात चार-पाच महिने सहज जात. मग त्याची जंगम मालमत्ता राजाकडे जाई. जमीन वर्ष आणि एक दिवस राजाकडे राही, नंतर ती ज्या सरदाराच्या ताब्यातली, त्याच्याकडे परते. अशा माणसाला ‘लांडग्याचं डोकं’ म्हणत, म्हणजे लांडग्यासारखी ज्याची शिकार व्हावी असा.

तरीही हा प्रसंग चूक म्हणून सोडून देऊ नका. १५ जून १२१५ ला रनीमीडच्या कुरणावर जॉनने मान्य केलेल्या मॅग्ना कार्टा या सनदेचं ३९ वं कलम सांगतं, की बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कोणाही स्वतंत्र माणसाला पकडू नये, कायद्याबाहेर काढू नये. चित्रपटातला जॉन सनद जाळतो आणि तिथेच रॉबिनला कायद्याबाहेर काढतो. सनदेचा काळ सोळा वर्षं मागे, ११९९ मध्ये ओढला आहे, पण भांडणाचं मूळ अचूक पकडलं आहे. मात्र ‘स्वतंत्र माणूस’ या शब्दांत जमिनीला बांधलेली कुळं येत नव्हती, हे चित्रपटात कळत नाही.

प्रश्न : फ्रेंच सैन्य किनाऱ्यावर उतरतं, ती लढाई खरी का?

उत्तर : नाही. फ्रेंच राजपुत्र लुई १२१६ च्या मे महिन्यात केंटमध्ये उतरला, तोही जॉनवर चिडलेल्या इंग्लिश सरदारांच्याच बोलावण्यावरून. चित्रपटात तेच सरदार जॉनच्या बाजूने फ्रेंचांशी लढतात. आमच्या मते कथेतली सगळ्यात मोठी उलटापालट हीच. जॉनचा भाऊ आणि त्याच्या आधीचा राजा रिचर्ड याचा मृत्यूही आटोपता घेतला आहे. फ्रान्समधल्या शालू इथल्या किल्ल्याच्या वेढ्यात २६ मार्च ११९९ ला त्याच्या खांद्यात बाण लागला, जखम सडली आणि ६ एप्रिलला तो गेला. चित्रपटात तो रणातच संपतो.

प्रश्न : रॉबिन मुळात साधा माणूस की उमराव?

उत्तर : जुन्या पोवाड्यांत तो ‘योमन’, म्हणजे सरदारांच्या खालचा, पण गुलाम नसलेला माणूस. त्याचं जंगलही बऱ्याचदा यॉर्कशरचं बार्न्सडेल असतं आणि राजा असतो एडवर्ड. रिचर्ड-जॉनचा काळ त्याला १५२१ मध्ये जॉन मेजर या स्कॉटिश इतिहासकाराने दिला. उमरावपद दिलं १५९८ च्या सुमारास अँथनी मंडे या नाटककाराने. चित्रपटात साधा तिरंदाज रॉबिन लाँगस्ट्राइड मेलेल्या सर रॉबर्ट लॉक्सलीचं नाव घेऊन नॉटिंगहॅमला येतो. दोन्ही परंपरा एका माणसात आणण्याची ही युक्ती फार विचारपूर्वक योजलेली आहे, आणि पटकथेतलं आम्हाला सर्वांत आवडलेलं काम तेच.

प्रश्न : कोणती आवृत्ती पाहावी?

उत्तर : चित्रपटगृहात आलेली १४० मिनिटांची आहे, दिग्दर्शकाची १५६ मिनिटांची. वेळ असेल तर दुसरी पाहा.