कंपनीत मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण ठेवून खरंच उपयोग होतो का? एचआर दोन तासांचं म्हणतंय. कुणाला बसवावं?

होतो. पण दोन तास नुसत्या स्लाइड दाखवणार असाल तर नका ठेवू.

मी चाकणला मशीन शॉपमध्ये सुपरवायझर होतो. २०१९ची गोष्ट. माझ्या शिफ्टला एक जुना सीएनसी ऑपरेटर होता. माप घ्यायचं व्हर्निअर त्याचं स्वतःचं, पदरच्या पैशाने घेतलेलं, कुणाला हात लावू द्यायचा नाही. रोज सुट्टीआधी मऊ फडक्याने पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचा आणि डबीत ठेवायचा. एका गुरुवारी ती डबी त्याने शिकाऊ पोराच्या हातात दिली. "राहू दे तुला. मला काय करायचंय आता." पोरगं खूश. मी चार फुटांवर उभा होतो. त्याआधी पंधरा दिवस तो जेवणाचा डबा न उघडताच घरी नेत होता, तेही मी बघत होतो.

मी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, सर, याला बाजूला घेऊन सरळ विचारतो, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का. त्यांनी मला दार लावायला सांगितलं. "विचारलंस तर नसलेलं डोक्यात घालशील. उद्या पोलीस केस झाली तर तूच अडकशील." मी गप्प बसलो. शनिवारी रात्री त्याच्या बायकोचा फोन आला. तो वाचला, पण मधले दोन दिवस माझ्या हातात होते.

पुढे मी स्वतःच्या रजा टाकून दोन दिवसांचं मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण केलं. ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि टोनी जोर्म या जोडप्याने २०००मध्ये सुरू केलेली ही पद्धत. खरं सांगायचं तर मला एवढंच बघायचं होतं की त्या दिवशी चूक कोण होतं. मॅनेजर चूक होते. आत्महत्येबद्दल सरळ, शांतपणे विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. विचारलं की उलट माणूस मोकळा होतो. पोलिसांचं म्हणाल तर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ वाचा. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा नाही, आणि त्याच्या उपचारांची व्यवस्था सरकारने करायची. २०१९ला हा कायदा लागू होता.

त्या प्रशिक्षणात आम्हाला जोड्या करून समोरासमोर बसवलं आणि वाक्य मोठ्याने म्हणायला लावलं: "तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" मला तिसऱ्या वेळी जमलं. पहिल्या दोन वेळा मी "तसं काही नाही ना?" असंच विचारत होतो. असं विचारलं की समोरचा "नाही" म्हणून मोकळा होतो. म्हणून म्हणतो, तोंडाने सराव नसेल त्या प्रशिक्षणाला अर्थ नाही.

बसवा लाइनवरच्यांना: सुपरवायझर, टीम लीडर, कँटीनवाला, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर. डबा परत जातोय हे यांना दिसतं, एचआरला दिसत नाही. गावाकडे आशाताईंना शिकवतात तेही याचसाठी, त्या उंबऱ्यापर्यंत जातात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारी लावा. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि सांगितलेलं फुटणार नाही याची लेखी हमी कंपनीकडून घ्या, नाहीतर कुणी तोंड उघडणार नाही. जिवाचा धोका दिसला तर मात्र घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवायचंच, हेही आधीच सांगून ठेवा.

एक राहिलं. हे शिकलेला माणूस डॉक्टर होत नाही. त्याने ऐकायचं, एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरपर्यंत पोचवायचं. आणि सलग डबल शिफ्ट लावून वर प्रशिक्षण देत असाल तर आधी शिफ्टचा तक्ता सुधारा.

तारीख ठरवण्याआधी प्लँट हेडना विचारा. ते मीटिंग आहे म्हणतील. मग मीटिंग नसेल तो दिवस धरा, पण त्यांनाही जोडीत बसवून ते वाक्य म्हणायला लावा.