लेझरखाली चमकणारे कण

प्रश्न : पॅट्रिशिया कॉर्नवेलचं ‘पोस्टमॉर्टेम’ हे खुनाच्या तपासाचं पुस्तक आमच्या ग्रुपमध्ये निम्म्यांना बोअर झालं, म्हणे नुसती लॅबच लॅब, खुनी येतो कधी? मला मात्र जाम आवडलं. तुमचं मत काय?

उत्तर : अहो, मला तर ती लॅबच आवडते! अमेरिकेतल्या रिचमंडची, शवविच्छेदन करणारी नायिका डॉक्टर स्कारपेटा मृतदेहावर लेझर फिरवते आणि बारीक कण चमचमायला लागतात, तिथे पुस्तक खाली ठेववलंच नाही. कॉर्नवेल स्वतः व्हर्जिनिया राज्याच्या मेडिकल एक्झामिनर ऑफिसात, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची तपासणी होते तिथे, कामाला होती, ते पानोपानी जाणवतं. शिवाय पुस्तक १९९० चं, डीएनए टेस्ट तेव्हा नवीनच, रिपोर्टची वाट बघत बसायचं, म्हणून तो सावकाशपणा मला खरा वाटतो. खुनी उशिरा येतो हे मात्र पटतं, शेवट जरा घाईत उरकलाय.